गारठलेल्या जागेत घरगुती वाइन आंबवताना: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

माझ्या पहिल्या हिवाळ्यात एअरलॉकमधले (बरणीच्या बुचात बसणारी, आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे थांबले, तेव्हा किण्वन संपले असे मी धरून चाललो आणि वाइन बाटल्यांत भरून टाकली. ज्या बिनवापराच्या खोलीत बरणी ठेवली होती, तिथे तीन आठवडे एकही बुडबुडा आला नव्हता, वाइन वरून नितळ दिसत होती आणि चवीलाही बरी लागत होती. थंडी सरून खोलीत ऊब आली, तेव्हा एका रात्री दोन बाटल्यांची बुचे उडाली आणि तिसरी बाटली फुटून काचा भिंतीपर्यंत गेल्या. उरलेल्या बाटल्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून मी एकेक करून उघडल्या आणि त्या दिवशी प्रथमच हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या (१.०००) तुलनेत किती जड आहे हे दाखवणारे साधन, लावून पाहिला. माप आले १.०१२, म्हणजे त्या वाइनमध्ये भरपूर साखर शिल्लक होती.

यीस्ट थंडीने सहसा मरत नाही, ते निपचित पडते. भांडे शांत आहे याचा अर्थ काम झाले असा होत नाही. अनेकदा काम अर्धवट थांबलेले असते आणि ऊब मिळताच ते पुन्हा सुरू होते. खालची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती लिहिली आहे. सुरुवात करण्यापूर्वी आपल्या भागात घरी वाइन करण्यास कायद्याने परवानगी आहे का, आणि असल्यास किती प्रमाणात, हे मात्र अवश्य पाहून घ्या.

आधी जमवायचे साहित्य

यादी लांब नाही, पण यातली पहिली तीन साधने नसतील तर थंडीत हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

- हायड्रोमीटर आणि त्यासाठी उंच, अरुंद नळकांडे
- किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर
- भांड्याच्या बाहेरून चिकटवता येईल असा दुसरा थर्मामीटर
- खाद्यपदार्थांसाठी चालणारी झाकणाची बादली, आणि नंतरच्या टप्प्यासाठी अरुंद तोंडाची मोठी बरणी
- रबरी बूच, एअरलॉक आणि वाइन काढण्यासाठी लवचीक नळी
- वाइनचे कोरडे यीस्ट आणि यीस्टचे पोषकद्रव्य
- पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रसातले नको असलेले जंतू आवरणारी पूड)
- ऊब देण्याचे एखादे साधन (याविषयी पाचव्या पायरीत सविस्तर लिहिले आहे)
- एक वही

वही हे वाचून काहींना नवल वाटेल. पण तारीख, तापमान आणि हायड्रोमीटरचे माप या तीन रकान्यांनी माझी जितकी वाइन वाचवली आहे, तितकी कोणत्याही महागड्या उपकरणाने वाचवलेली नाही.

१. जागेचे तापमान आठवडाभर मोजा

रस काढण्याच्या आधी किमान आठ दिवस किमान-कमाल थर्मामीटर त्या जागेत ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे टिपून घ्या. थर्मामीटर भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगू नका. बरणी जिथे ठेवणार आहात तिथेच, त्याच उंचीवर ठेवा. जमिनीलगतची हवा आणि कमरेच्या उंचीची हवा यांत बंद खोलीतही काही अंशांचा फरक सहज पडतो.

या नोंदींतून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे सरासरी तापमान, आणि दुसरी, जी मी जास्त महत्त्वाची मानतो, दिवस आणि रात्र यांच्यातली तफावत. सतत १४ अंश सेल्सिअस असलेली जागा ही दिवसा २० आणि रात्री ८ अंश होणाऱ्या जागेपेक्षा पुष्कळ चांगली असते, कारण यीस्टला सावकाश काम करणे जमते, पण रोज होणारी उलथापालथ सोसत नाही. ढोबळ मानाने १० अंशांच्या खाली बहुतेक यीस्ट जवळजवळ थांबते. १२ ते १५ अंशांत सावकाश चालते आणि कित्येक आठवडे घेते. पांढऱ्या वाइनला १५ ते १८ अंश मानवतात. आणि लाल वाइनला सालींतून रंग व तुरटपणा उतरण्यासाठी २० ते २८ अंशांची ऊब लागते. त्यामुळे जागा फारच गार असेल आणि ऊब देण्याची सोय नसेल, तर पहिल्या खेपेस लाल वाइनचा हट्ट न धरता पांढरी वाइन किंवा सफरचंदासारख्या फळाची वाइन करावी.

२. थंडीला साजेसे यीस्ट निवडा

पावाचे यीस्ट वापरू नका. अधिक मद्यार्क आणि थंडी या दोन्ही एकदम आल्या की ते लवकर दमते, आणि त्याचा गाळही सैल बसतो. वाइनच्या यीस्टच्या पाकिटावर किती तापमानात ते चालते हे छापलेले असते आणि खरेदी करताना चवीच्या वर्णनाआधी तेच वाचावे. ईसी-१११८ हे यीस्ट १० ते ३० अंशांत काम करते आणि नवशिक्याने गार जागेसाठी हेच घ्यावे असे मी सांगेन. ७१बी या यीस्टने फळांचा सुगंध छान खुलतो, मात्र त्याला निदान १५ अंश हवेत.

पाकिटावरचा खालचा आकडा वाचताना एक गफलत हमखास होते. १० अंशांपर्यंत चालते याचा अर्थ १० अंशांत सुरू करावे असा नाही. आधी उबेत जोर धरलेले यीस्ट मग थंडीतही तग धरते. गार रसात थेट टाकलेले यीस्ट अनेकदा जागेच होत नाही आणि मधल्या दिवसांत रसावर बुरशी किंवा रानटी यीस्ट ताबा घेते.

३. रस तयार करा आणि पहिली नोंद घ्या

सगळी भांडी आधी स्वच्छ धुवा आणि मग निर्जंतुक करा; ही दोन वेगळी कामे आहेत. फळे चिरडून रस काढल्यावर दर लिटरला सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला २ ग्रॅम, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या पाण्यात विरघळवून मिसळा. भांड्यावर स्वच्छ कापड बांधून २४ तास थांबा आणि मगच यीस्ट घाला. हे काम हवेशीर जागी करा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या वाफेपासून दूर राहावे.

आता हायड्रोमीटर लावा. साखरेमुळे रस पाण्यापेक्षा किती जड झाला आहे हे हे साधन दाखवते. १.०८० ते १.०९५ या दरम्यानचे माप चांगले; कमी असेल तर साखर विरघळवून वाढवता येते. थंडीत एक दुरुस्ती विसरू नका. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात आणि १० अंशांच्या रसात ते सुमारे ०.००१ ते ०.००२ नी जास्त माप दाखवतात. नमुना हातात धरून थोडा कोमट करावा, म्हणजे हा घोळ उरत नाही.

हे पहिले माप वहीत ठळक लिहा. शेवटचे माप यातून वजा करून १३१.२५ ने गुणले की मद्यार्काची टक्केवारी मिळते. १.०८८ पासून ०.९९६ पर्यंत उतरलेली वाइन सुमारे १२ टक्क्यांची असते.

४. यीस्ट कोमट पाण्यात जागवा आणि पायरीपायरीने गार करा

थंडीतल्या किण्वनाचे यश निम्मे या अर्ध्या तासात ठरते, म्हणून ही पायरी घाईने उरकू नका.

५ ग्रॅमच्या पाकिटासाठी ५० मिलिलिटर स्वच्छ पाणी घ्या. पाण्याचे तापमान ३५ ते ४० अंश असावे आणि ते बोटाने न अजमावता थर्मामीटरने पाहावे. यीस्ट पाण्यावर भुरभुरवून पाच मिनिटे तसेच राहू द्या, मग हलके ढवळा. पंधरा ते वीस मिनिटांत पृष्ठभागावर साईसारखा, पिवळसर, बारीक फेसाचा थर चढतो आणि ताज्या पावासारखा वास येतो. हा थर दिसला की यीस्ट जिवंत आहे. यापुढे मात्र त्याला नुसत्या पाण्यात अर्ध्या तासाहून अधिक ठेवू नका, कारण खायला काही नसल्याने ते दुबळे होऊ लागते.

यानंतर नवशिके जो प्रमाद करतात तो असा: ३५ अंशांचे हे यीस्ट ते सरळ १२ अंशांच्या रसात ओततात. एवढ्या धक्क्याने यीस्टच्या पुष्कळशा पेशी मरतात आणि उरलेल्या मुकाट होतात. यीस्टचे मिश्रण आणि रस यांच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक असू नये, हा नियम पाळा. त्यासाठी रसातले ५० मिलिलिटर काढून यीस्टमध्ये मिसळा, पाच ते दहा मिनिटे थांबा, पुन्हा तेवढाच रस मिसळा, आणि फरक कमी होईपर्यंत हेच करत राहा. शक्य असेल तर सगळा रसच आदल्या रात्री घरातल्या उबदार खोलीत आणून १८ ते २० अंशांवर येऊ द्यावा.

५ ग्रॅमचे पाकीट साधारण २० लिटरला पुरते. मात्र रस १५ अंशांपेक्षा गार राहणार असेल तर मी दुप्पट यीस्ट घालतो. संख्येने जास्त असलेले यीस्ट थंडीतही लवकर ताबा घेते, आणि दुसऱ्या पाकिटाचा खर्च वाया गेलेल्या रसापुढे काहीच नाही.

५. खोलीपेक्षा भांडे उबदार ठेवा

अख्खी खोली तापवणे खर्चिक तर आहेच, शिवाय त्याची गरजही नसते. किण्वनात साखर मोडताना उष्णता निर्माण होते. ती बाहेर जाऊ न देणे हे पहिले काम. त्यासाठी आधी बरणी जमिनीवरून उचला. दगडी किंवा सिमेंटची जमीन भांड्यातली ऊब सतत शोषून घेत असते, त्यामुळे खाली जाड थर्माकोल आणि त्यावर लाकडी फळी ठेवली तरी फरक पडतो. मग भोवती जुने जाड पांघरूण गुंडाळा. त्याने वाइनचा उजेडापासूनही बचाव होतो.

एवढ्याने भागत नसेल तर पुढच्या उपायांपैकी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो पाण्याचा टब. मोठ्या टबात बरणी ठेवून तिच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि त्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारा, तापमान ठरवता येणारा हीटर सोडा. हीटर टबाच्या पाण्यात असतो, वाइनमध्ये कधीही नाही. पाण्याचा साठा मोठा असल्याने तापमान एकदम वरखाली होत नाही आणि वीज थोडा वेळ गेली तरी ऊब टिकते. भांड्याला गुंडाळायचा विजेचा पट्टा किंवा खाली ठेवायची तापणारी चटईही चालते, मात्र त्यांना थर्मोस्टॅट जोडलेला असावा, आणि थर्मोस्टॅटचा संवेदक हवेत लोंबता न ठेवता बरणीच्या अंगाला चिकटवून त्यावर फोमचा तुकडा लावावा. तो हवेत राहिला तर खोलीची थंडी मोजतो, पट्टा बंदच होत नाही आणि आतली वाइन नको इतकी तापते.

काचेच्या गार बरणीला एकाच जागी जोरात ऊब देऊ नका, काच तडकते. विजेची तार पाण्याकडे येताना प्लगच्या खाली झोळ घेऊन वर जाईल अशी ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा सुरक्षा-स्विच त्या जोडणीवर असलाच पाहिजे.

आणखी एक धोका थंडीतच वाढतो. १ किलो साखर आंबताना सुमारे अर्धा किलो, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २० लिटर वाइनमध्ये हा आकडा हजार लिटरच्या घरात जातो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि ऊब जाऊ नये म्हणून आपण खिडक्या-दारे घट्ट बंद केलेली असतात. लहान खोलीत किंवा तळघरात भांडे असेल तर रोज काही वेळ हवा खेळू द्या आणि तिथे कोणी झोपणार नाही याची खात्री करा.

६. पहिले दहा दिवस

यीस्ट घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस रस रोज दोनदा स्वच्छ पळीने जोरात ढवळा. यीस्टला वाढण्यासाठी सुरुवातीला प्राणवायू लागतो. लाल वाइनमध्ये साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोनदा खाली दाबावा आणि त्यात थर्मामीटर खुपसून पाहावे, कारण खालचा रस गार असताना वरचा थर बराच उबदार असू शकतो.

पोषकद्रव्य पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात दोन हप्त्यांत द्या: निम्मे रस फसफसू लागल्यावर आणि निम्मे एकतृतीयांश साखर संपल्यावर. त्यानंतर उशिरा घातलेले पोषकद्रव्य यीस्टला फारसे घेता येत नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बहुधा पोषणाचीच कमतरता असते; अशा वेळी ढवळा, आणि निम्मी साखर अजून शिल्लक असेल तर थोडे पोषकद्रव्य द्या.

थंडीत पहिली हालचाल दिसायला तीन दिवसही लागू शकतात. तेवढे थांबा. चौथ्या दिवशीही हायड्रोमीटरचे माप जागचे हलले नसेल तर रस २० अंशांपर्यंत उबदार करा आणि नव्याने जागवलेले यीस्ट घाला.

७. बुडबुडे थांबले म्हणजे काय समजायचे

एअरलॉक हे मापाचे साधन नाही. खोली गार झाली की वाइनमध्ये अधिक वायू विरघळून राहतो आणि बुडबुडे थांबतात. ऊन आले की तोच वायू सुटतो आणि किण्वन कधीच संपलेले असतानाही एअरलॉक हलू लागतो. उलटही होते. रात्री एकदम थंडी पडली की बरणीतली हवा आक्रसते आणि तीन भागांच्या एअरलॉकमधले पाणी आत ओढले जाते. मी एका सकाळी असा कोरडा पडलेला एअरलॉक पाहिला आहे. त्यातले सगळे पाणी वाइनमध्ये गेले होते. म्हणून गार जागेत दोन फुगे असलेला वळणदार एअरलॉक वापरा, त्यात उलटी आलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. कोणताही एअरलॉक असला तरी त्यात साधे पाणी न घालता मेटाबायसल्फाइटचे पातळ द्रावण घाला.

खरे उत्तर हायड्रोमीटर देतो. नमुना काढा, कोमट करा, नळकांड्यात साधन गरगर फिरवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि माप वाचा. कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ संपलेल्या, वाइनमध्ये ते ०.९९० ते ०.९९८ या दरम्यान येऊन थांबायला हवे, आणि उबेत आठवडाभर एकाच आकड्यावर राहायला हवे. उबेत हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे; ८ अंशांच्या खोलीत माप महिनाभर हलले नाही तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

माप १.०१० किंवा १.०२० वर अडकले असेल तर पुढील क्रमाने जा. आधी दोन दिवसांत हळूहळू भांडे २० ते २२ अंशांवर आणा आणि तळाचा गाळ हलकेच ढवळून वर आणा, कारण निपचित यीस्ट तिथेच बसलेले असते. तीन-चार दिवस रोज माप घ्या. माझ्या अनुभवात बहुतेक वाइन एवढ्यानेच मार्गी लागते. तरीही आकडा हलला नाही, तर ईसी-१११८ चे नवे पाकीट चौथ्या पायरीप्रमाणे जागवा, त्याला पेलाभर ताज्या रसात फसफसू द्या, आणि मग त्यात अडकलेली वाइन तितक्याच प्रमाणात मिसळा. मिश्रण पुन्हा फसफसले की पुन्हा तितकीच. असे दोन-तीन वेळा दुप्पट करत नेऊन शेवटी सगळे बरणीत ओता. नवे यीस्ट एकदम १० टक्के मद्यार्कात टाकले तर ते सावरत नाही. त्याला त्या मद्यार्काची सवय थोडीथोडी करावी लागते.

८. गाळावरून काढणे आणि थंडी कामाला लावणे

माप १.०१० च्या खाली आले की वाइन नळीने बरणीत काढा, गाळ मागे राहू द्या, आणि बरणी गळ्यापर्यंत भरून ठेवा. गार वाइन उबदार वाइनपेक्षा जास्त प्राणवायू शोषून घेते, म्हणून नळीचे टोक बरणीच्या तळाशी ठेवा, धार वरून पडू देऊ नका.

किण्वन संपले याची खात्री झाल्यावर मात्र तीच थंडी उपयोगी पडते. ऊब काढून घ्या आणि वाइन शून्य अंशाच्या आसपास दोन-तीन आठवडे ठेवा. गाळ घट्ट बसतो आणि द्राक्षांच्या वाइनमध्ये बरणीच्या काचेवर टार्टरेटचे, म्हणजे द्राक्षांतल्या आम्लाच्या क्षाराचे, चमकदार खडे धरतात. ते काचेच्या तुकड्यांसारखे दिसतात, पण निरुपद्रवी असतात, आणि बाटलीत धरण्याऐवजी बरणीत धरलेले बरे. १२ टक्क्यांची वाइन उणे ५ अंशांच्या सुमारास गोठू लागते, त्यामुळे उघड्यावर ठेवणार असाल तर रात्रीच्या तापमानावर लक्ष ठेवा. लाल वाइनमधली मॅलिक आम्लाची तीव्रता जिवाणूंकडून सौम्य करून घ्यायची असेल, तर ते काम या थंडीच्या आधी, १८ ते २२ अंशांत उरकून घ्यावे.

९. बाटल्या भरणे

शॅम्पेनच्या पद्धतीत दुसऱ्या किण्वनासाठी दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात आणि तेवढ्याने बाटलीत सुमारे ६ वातावरणांचा दाब तयार होतो. त्यासाठी जाड काचेच्या खास बाटल्या लागतात. १.०१२ मापाच्या माझ्या त्या वाइनमध्ये याहून जास्त साखर उरली होती आणि बाटल्या साध्या होत्या. म्हणून माप ०.९९८ च्या खाली, उबेत आठवडाभर स्थिर, असे वहीत लिहिलेले असल्याशिवाय बूच लावू नका. गोड वाइन हवी असेल तर ती आधी पूर्ण कोरडी होऊ द्या, नितळ करा, पोटॅशियम सॉर्बेट (यीस्टची नवी वाढ रोखणारे द्रव्य) आणि मेटाबायसल्फाइट दोन्ही घाला आणि मग साखर मिसळा. चालू असलेले किण्वन सॉर्बेटने थांबत नाही.

भरण्याच्या आदल्या दिवशी वाइन १८ ते २० अंशांवर आणून चांगली ढवळा, म्हणजे थंडीत विरघळून राहिलेला वायू निघून जातो. बाटल्या भरताना शेवटची थोडी वाइन सोड्याच्या लहान प्लास्टिक बाटलीत भरा, हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावा आणि ती बाटली घरातल्या उबदार खोलीत डोळ्यांसमोर ठेवा. आठवड्यातून एकदा ती अंगठ्याने दाबून पाहा. दोन महिने ती मऊ राहिली तर गार जागेतल्या काचेच्या बाटल्या निश्चिंतपणे आडव्या ठेवा; टणक होऊ लागली तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून सगळ्या बाटल्या उघडा, वाइन पुन्हा बरणीत ओता आणि सातव्या पायरीपासून सुरुवात करा.